परवान्यावर '.२५६', रायफलीवर 'एम. १९०३': ही मॅनलिकर घ्यावी का?

टूलरूम_परळ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट सल्ला देता येणार नाही.

१९७५च्या मे महिन्यात, मी अकरा वर्षांचा असताना, संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी एका निवृत्त वनाधिकाऱ्यांच्या ओटीवर मी एक रायफल पाहिली. आखूड, सडपातळ, आणि लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत आलेलं. वन्यजीव संरक्षण कायदा येऊन तीन वर्षं झाली होती, शिकार बंद झाली होती. ते तिला फक्त तेल लावायला बाहेर काढत. रिकामी असल्याचं त्यांनी स्वतः दोनदा पाहिलं, मला दाखवलं आणि मग बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) ओढायला दिला. बोल्टची मूठ गोल नव्हती, कलथ्याच्या पात्यासारखी चपटी होती. ओढली तर खडखड नाही, घसट नाही. तेल घातलेल्या दगडावरून काच सरकावी तसा तो बोल्ट मागे आला. पुढे चौतीस वर्षं मी टूलरूममध्ये काढली. डाय, पंच, जिग, फिक्श्चर, सगळं केलं. सरकता भाग असा बसवायला कारागिराचा हात किती तयार लागतो ते मला आता कळतं, आणि ते कळल्यापासून ती रायफल जास्तच आठवते.

नाव बऱ्याच वर्षांनी समजलं: मॅनलिकर-शोनावर, ऑस्ट्रियातल्या श्टायरच्या कारखान्याची. ती कुणा राजासाठी खास बनवलेली बंदूक नव्हे. कारखान्यातून रीतसर निघून दुकानात विकली जाणारी. पण आपल्याकडे आली तीच थोडी, आणि गेल्या पंधरा वर्षांत पुणे, नाशिक, कोल्हापूर, जिथे गेलो तिथे विचारलं तर समोर आली इशापूरची .३१५, एखादी .३०-०६, नाहीतर ब्रनोची .२२. एकदा 'मॅनलिकर आहे, या' म्हणून नाशकाला बोलावलं आणि दाखवली मॉझर, म्हणजे वेगळ्याच जातीची रायफल.

गेल्या महिन्यात वडिलांच्या बारा बोर एकनळीची काडतुसं आणायला फोर्टातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे गेलो होतो. (ती एकनळी वाडीतल्या रानडुकरांच्या भीतीने वडिलांनी घेतलेली, आता माझ्या परवान्यावर आहे.) मागच्या रॅकवर जमा करून ठेवलेली हत्यारं होती. त्यात एकीचं लाकूड तोंडापर्यंत गेलेलं दिसलं आणि माझे हात थंड पडले. तीच जात. बॉडीवर कारखान्याचं जर्मन नाव आणि 'एम. १९०३' (म्हणजे १९०३चं मॉडेल), नळीवर इंग्लंडच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेचे, छाप आणि इंग्रजीत 'नॉट इंग्लिश मेक'. सोबत चामड्याची पेटी, तिच्या झाकणाच्या आत 'आर्मी अँड नेव्ही' या इंग्रजांच्या काळच्या मोठ्या दुकानाच्या मुंबई शाखेची चिठ्ठी. काळा घोड्याला डेव्हिड ससून वाचनालयाला लागून असलेली ती इमारत, तीच. तिच्याखालून मी हजार वेळा गेलो असेन.

आता अडचण. मूळ मालक वारले. घरच्यांनी रायफल विक्रेत्याकडे जमा केली आहे. मालकांच्या जुन्या परवान्यात हस्ताक्षरात '.२५६ मॅनलिकर' लिहिलंय. विक्रेत्याच्या रजिस्टरला '६.५ एमएम' आहे. नंबर दोन्हीकडे एकच, बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) वेगळी. मला विचारायचंय ते हे, की .२५६ आणि ६.५ एकच का? कागदावरची ही फारकत पुढे माझ्या अंगाशी येईल का? आणि हत्यार म्हणून काय काय तपासू? एकनळी धरून हे माझं दुसरं आणि शेवटचं हत्यार असेल, म्हणून चूक परवडणार नाही. सोबत सतरा जुनी काडतुसंही आहेत, तीही जमा आहेत.

---

निवृत्त_दप्तरी

टूलरूमदादा, मी एका जिल्ह्याच्या कचेरीत शस्त्र परवान्यांच्या टेबलावर अकरा वर्षं होतो. म्हणून आधी कागदाचं बोलतो, लोखंडाचं बाकीचे सांगतील.

जुन्या परवान्यांत बोअर कशी लिहिली जायची, तर मालक सांगेल तशी. समोर बसलेला कारकून रायफल हातात घेऊन छाप वाचत नसे. मी स्वतः अशा नोंदी पाहिल्यात की कंपनीचं नाव बोअरच्या रकान्यात आणि बोअर शेऱ्यात. तेव्हा तुमच्या केसमध्ये कुणी लबाडी केली असं धरून चालू नका. पण ही नोंद हस्तांतराच्या *आधी* सरळ करून घ्या. नंतर नाही. एकदा रायफल तुमच्या परवान्यावर चढली की तिच्या प्रत्येक नूतनीकरणाला 'ही तीच कशावरून' हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, आणि उत्तर देणारे मूळ मालक हयात नाहीत.

करायचं असं: वारसांच्या सहीचा अर्ज, त्यासोबत बॉडीवरचे छाप, नंबर आणि नळीवरचे छाप यांचे जवळून काढलेले फोटो, आणि विक्रेत्याच्या लेटरहेडवर हत्याराचं वर्णन. वर्णनात दोन्ही नावं एकाच ओळीत घाला: '.२५६, म्हणजेच ६.५ × ५४ मॅनलिकर-शोनावर'. एका ओळीत दोन्ही आली की पुढचा माणूस अडत नाही.

वारसांनी विक्रेत्याकडे जमा केलं हे अगदी बरोबर केलं. शस्त्र कायद्याचं कलम २१ तेच सांगतं: मालक वारला की विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा. अनेक घरांत 'बाबांची आठवण' म्हणून ते कपाटात राहतं आणि ज्याच्या ताब्यात ते असेल तो गुन्हेगार ठरू शकतो. तुमच्या बाबतीत ती साखळी तुटलेली नाही, ही या रायफलीची सगळ्यात मोठी जमेची बाजू. जमा केल्याची पावती आणि मृत्यूची तारीख यांत किती अंतर आहे तेवढं मात्र बघून घ्या.

दोन हत्यारांची मर्यादा तुम्हाला माहीत आहेच. २०१९च्या दुरुस्तीने तीनाची दोन झाली, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच. मुंबईत परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त, तेव्हा दुसऱ्या हत्याराची परवानगी तिथूनच, आणि ती हातात येईपर्यंत पैशाचा व्यवहार पुरा करू नका. समजा वारसांनी विक्रेत्याला मधून काढून थेट तुम्हाला विकायचं म्हटलं, तर आधी लेखी सूचना आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबणं आलं, कलम ५. विक्रेत्यामार्फतच करा असं माझं मत.

६.५ ही बोअर निषिद्धांत (साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या बोअरींत) येत नाही. .३०३ किंवा ७.६२ असती तर मी तुम्हाला रॅककडे पाठ फिरवायला सांगितलं असतं.

---

अक्रोड_आणि_पोलाद

दादा, तुम्ही काय पाहिलंय ते तुम्हाला कळलंय, म्हणून वर्णन करत बसत नाही. थेट बोअरवर येतो.

६.५ मिलिमीटर म्हणजे .२५६ इंच. २५.४ने भागून बघा, .२५५९ येतं. इंग्रज शिकारी याच आकड्याने तिला ओळखत. हे माप नळीच्या आतल्या उंचवट्यांमधलं. गोळी त्याहून जाड असते, साधारण .२६४ इंच, कारण तिला खाचांत घट्ट बसायचं असतं. म्हणून एकाच काडतुसाला तीन आकडे ऐकू येतात आणि माणूस गोंधळतो.

पण इथे एक खरी मेख आहे आणि ती दप्तरीकाकांच्या अर्जाआधी सोडवा. '.२५६ मॅनलिकर' हे नाव इंग्रजांनी *दोन* काडतुसांना वापरलं. एक तुमचं ६.५ × ५४, बिनकडेचं. दुसरं त्याच्या आधीचं ६.५ × ५३ आर, बुडाला कड असलेलं, डच आणि रुमानियन लष्करी मॅनलिकरचं. दोन्हींचं अंग जवळजवळ सारखं, फरक बुडाशी. कडेवाल्याच्या रायफलीला उभं पेटीसारखं मॅगझीन असतं, ते चापाच्या पुढे खाली लोंबतं. तुमच्या रायफलीचं पोट सपाट असेल आणि आत पाच खाचांचं फिरतं चाक असेल, तर ती शोनावरच. शोनावरचं नाव तिला त्या चाकामुळेच मिळालं.

चाक बाहेर काढून बघा. खालच्या पत्र्यात एक बारीक भोक आहे, त्यातली कळ टोकदार वस्तूने दाबून पत्रा आडवा फिरवला की सगळी यंत्रणा हातात येते. पूर्वी गोळीच्या टोकानेच दाबत. तुमच्यासारख्या टूलमेकरला ते बघताना वेळेचं भान राहणार नाही. त्या खाचा याच एका काडतुसासाठी, त्यातही लांब, गोल नाकाच्या १६० ग्रेन वजनाच्या गोळीसाठी कापलेल्या असतात. टोकदार आखूड गोळीचं काडतूस त्यात नीट चढतही नाही. म्हणूनच ही रायफल इतकी मऊ चालते आणि म्हणूनच तिला दुसरं काही चालत नाही.

मग चेंबर, म्हणजे नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं. शंभर वर्षांत कुणी नळी बदलली किंवा चेंबर कापून मोठं केलं का, हे डोळ्यांनी कळत नाही. विक्रेत्याच्या परवानगीने, त्याच्याच दुकानात, गंधकाचा साचा घ्या. चेंबरच्या थोडं पुढे नळीत घट्ट चिंधी, मंद आचेवर वितळलेला गंधक, निवला की हलकेच मागून बाहेर. गंधक ११५ अंशांच्या आसपास वितळतो, काळा होईपर्यंत तापवू नका. साच्यावर मायक्रोमीटर लावलात की खरंखोटं एका मिनिटात.

'नॉट इंग्लिश मेक' हा छाप इंग्लंडमध्ये परदेशी बंदुकांवर १९२५ ते १९५५ या काळात मारत. म्हणजे तुमची रायफल श्टायरहून आधी विलायतेला गेली, तिथे तपासली गेली, मग मुंबईला आली. पेटीतली चिठ्ठी त्याच्याशी जुळते.

---

वरळी_प्रोन

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. मी वरळीच्या रेंजवर बावीस वर्षं .२२ चालवतोय. घरात इशापूरची .३१५ आहे, आजोबांपासून.

काका, मुंबईत बसून हत्यार ठेवायचं तर त्याचं काडतूस मिळालं पाहिजे. .३१५चं काडतूस आपल्या खडकीच्या कारखान्याने वर्षानुवर्षं बनवलं, बुडावर 'के एफ' छाप असलेलं. ती रायफल कुणी भाट स्तुती करणार नाही अशी, ली-एनफिल्डच्या घडणीवर उभी, दस्ता जाड, चाप जड. पण तिचं पोट भरतं. तुमच्या ६.५ × ५४चं काडतूस भारतात बनत नाही. ती सतरा काडतुसं संपली की पुढे काय? घरी भरायचा विचारही कुणी सुचवू देऊ नका, विनापरवाना काडतूस तयार करणं हा वेगळा गुन्हा आहे.

आणि ती सतराही चालवू नका. जुन्या पितळेच्या मानेला केसासारख्या चिरा गेलेल्या असतात. शिवाय त्या काळच्या टोप्यांतलं (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या) रसायन नळीत मीठ सोडतं. ते मीठ तेलाने जात नाही, गरम पाण्यानेच जातं. मुंबईच्या हवेत एका रात्रीत नळी तांबडी होते. हे मी दुसऱ्याच्या सुंदर रायफलीवर घडलेलं पाहिलंय, आणि त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो.

दोनच हत्यारं ठेवता येतात. त्यातली एक जागा कधीच न वाजणाऱ्या रायफलीला देणार का, एवढंच विचारतो.

---

माहीमची_लेक

वरळी_प्रोन, तुमचं काडतुसांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण न वाजणारी रायफल म्हणजे वाया गेलेली जागा हे मला पटत नाही. माझ्याकडे वडिलांची .२७५ रिग्बी आहे. माझ्या परवान्यावर येऊन नऊ वर्षं झाली, मी तिच्यातून एकही गोळी झाडलेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बाहेर येते. बाबा होते तेव्हाही तोच वार होता.

काका, मी तुम्हाला फक्त पावसाबद्दल सांगते, कारण माहीमला खाडीच्या वाऱ्यात राहून तेवढंच मी नीट शिकले आहे.

ती चामड्याची पेटी जपून ठेवा, पण रायफल तिच्यात ठेवू नका. एक दिवससुद्धा नको. चामडं आणि आतलं मखमल ओल धरून बसतं, चामड्यात कमवतानाची रसायनं असतात. बाबांच्या रायफलीच्या नळीवर पेटीतल्या पट्ट्याच्या आकाराचा एक डाग आहे, १९८०च्या सुमाराचा. तो आता जाणार नाही.

तुमच्या जातीच्या रायफलीत आणखी एक जागा आहे जी दिसत नाही. लाकूड तोंडापर्यंत असल्यामुळे नळीचा खालचा अर्धा भाग कायम झाकलेला. वरून आरशासारखी नळी आणि खाली गंजाची रांग, असं असू शकतं. घेण्याआधी दस्ता उतरवून बघायचा आग्रह धरा. विक्रेता 'कशाला उगाच' म्हणेल. तरी धरा. स्क्रूच्या खाचा बारीक असतात, बाजारातला पेचकस त्यांना फाडतो, पण तुम्हाला हे मी काय सांगायचं.

ठेवताना: लोखंडी कपाट, भिंतीपासून चार बोटं पुढे, आत सिलिका जेलच्या पिशव्या. निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर वाळवायच्या. जून लागण्याआधी नळीत आणि बोल्टवर घट्ट ग्रीसचा पातळ हात. लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल, अगदी दोन-तीन थेंब, तळव्याने चोळत, वर्षातून एकदा, थंडीत. आणि उघड्या हाताने पोलादाला स्पर्श झाला की लगेच पुसायचं. आपल्या घामात मीठ असतं.

निवडणुकीत जमा करायला सांगितलं तर पावती घेण्याआधी स्वतः ग्रीस लावून, मेणकापडात गुंडाळून द्या. परत आली की त्याच दिवशी उघडा.

शेवटचं. तुमच्यानंतर कोण, हे आत्ताच ठरवा. २०१६च्या नियमांत सोय आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, की हयातीतच वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. माझ्या बाबांनी ते केलं नाही, आणि त्यांच्या तेराव्याच्या आधी मला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली.

---

टूलरूम_परळ

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे गप्प होतो, कारण तुम्ही सांगितलेलं एकेक करत होतो.

नागदेवी स्ट्रीटवरून पिन गेज (भोकाचा व्यास मोजायच्या नेमक्या मापाच्या सळया) आणले. माझे जुने होते, पण यासाठी नवे घेतले. पेचकसाची पाती घरच्या ग्राइंडरवर या स्क्रूच्या खाचांप्रमाणे घासली. विक्रेत्याने एका सोमवारी दुपारी, दुकानात गर्दी नसताना, आतल्या टेबलावर जागा करून दिली. तो माणूस भला आहे. गंधक वितळवायला स्टोव्ह मात्र त्याने मागच्या गच्चीवर लावायला लावला.

पोट सपाट. चाक बाहेर काढलं. अक्रोडदादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, वेळ कुठे गेला कळलं नाही. ते चाक एकाच तुकड्यातून काढलेलं वाटतं, प्रत्येक खाचेचा उतार काडतुसाच्या निमुळतेपणाशी जुळणारा. आजच्या सीएनसीवर मी ते करून दाखवीन, पण त्या काळी, पट्ट्यावर चालणाऱ्या मिलिंगवर, हजारोंच्या संख्येने? मी बराच वेळ ते नुसतं हातात धरून बसलो.

तोंडाशी पिन गेज: ६.४५ची सहज गेली, ६.५०ची घट्ट, ६.५५ची नाही. साच्याची लांबी आणि मान ६.५ × ५४शी जुळते, नळी मूळचीच. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर एक.

दस्ता उतरवला. माहीमच्या ताई, तुम्ही आग्रह धरायला सांगितला नसता तर मी धरला नसता. नळीच्या खाली पुढच्या पट्ट्याजवळ साडेतीन इंचांची गंजाची रांग आहे. खोल नाही, नखाला जेमतेम लागते, पण आहे. ती मी विक्रेत्याला आणि वारसांना, दोघांना दाखवली, किंमत पाडण्यासाठी नव्हे, त्यांना माहीत असावं म्हणून. किंमत त्यांनी आपणहून थोडी उतरवली.

वरळी_प्रोन, तुमच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त विचार केला. तुमचं बरोबर आहे, ती वाजणार नाही. मी ती वाजवायला घेतच नाहीये. ज्या हातांनी तो बोल्ट बसवला त्यांचं काम कुणीतरी कळून सांभाळावं, एवढ्यासाठी घेतोय. सतरा काडतुसं मी घेणार नाही, ती विक्रेत्यामार्फत रीतसर जमा होतील.

दप्तरीकाका, दुरुस्तीचा अर्ज वारसांनी दिला, दोन्ही नावं एका ओळीत घालून. तुम्ही सांगितलेल्या फोटोंपैकी 'नॉट इंग्लिश मेक'चा फोटो बघून तिथल्या बाई स्वतः भिंग घेऊन बसल्या. दुसऱ्या हत्याराचा माझा अर्ज क्रॉफर्ड मार्केटला आयुक्तालयात परवा दिला.

वारसांमध्ये मूळ मालकांच्या सूनबाई आहेत. त्यांनी एकच विचारलं, मुलगा दहावीत आहे, आजोबांची रायफल कधीतरी बघायला आणला तर चालेल का. मी म्हटलं, महिन्याचा पहिला रविवार, केव्हाही. ताई, वार तुमचाच घेतला, चालेल ना?

---

माहीमची_लेक

चालेल काका. त्याला बोल्ट ओढायला द्या.